धूर खरा, चूल दुसरी

गौरी जेवल्या, पंगत उठली, आणि मामांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मामा तीस वर्षं एसटीत वाहक होते. तिकीट न काढता खिडकीतून डोंगर बघत बसलेला माणूस त्यांना आजही लांबून ओळखू येतो. व्हिडिओ होता रॉसवेलचा. 1947 साली अमेरिकेत परग्रहावरची तबकडी पडली, आतल्या लोकांची प्रेतं सरकारनं उचलली आणि आजवर लपवून ठेवली आहेत, वगैरे.

मी म्हटलं, "मामा, तो फुगा होता."

"फुगा होता हे तुला कोणी सांगितलं? सरकारनंच ना? अगं, आगीशिवाय धूर निघतो का? काहीच लपवलं नसतं तर लोक सत्तर-पंच्याहत्तर वर्षं उगाच बोलत बसले असते का?"

प्रश्न बिनतोड आहे. असल्या प्रश्नाला "मामा, तुम्ही पण ना!" म्हणून हसणं मला पटत नाही. कारण मामांचा संशय अर्धा बरोबर आहे. सरकारनं खरंच लपवलं होतं, आणि धडधडीत खोटं सांगितलं होतं. फक्त लपवलेली गोष्ट निराळी होती. त्या दुपारी सुपारी कातरता कातरता जेवढं सांगता आलं तेवढं मी सांगितलं. राहिलेलं इथे नीट लिहिते.

सुरुवात तबकडीच्या आधीपासून करायला हवी. 24 जून 1947 ला केनेथ अर्नोल्ड नावाचा वैमानिक अमेरिकेच्या वायव्येला, माउंट रेनिअरजवळून आपलं छोटं विमान घेऊन चालला होता. त्याला नऊ चकचकीत वस्तू ओळीनं जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं त्यानं सांगितलं. बशी हे त्यांच्या चालीचं वर्णन होतं, आकाराचं नव्हतं. पण वर्तमानपत्रांनी 'उडत्या बश्या' असा मथळा केला आणि पुढच्या काही दिवसांत देशभर लोकांना बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. पुढे मराठीत त्यांच्या तबकड्या झाल्या. ध चा मा व्हायला एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला.

त्याच सुमारास न्यू मेक्सिको राज्यात ब्रेझल नावाच्या एका गुराख्याला माळरानावर कचरा पसरलेला सापडला होता. त्यानं पुढे स्थानिक वर्तमानपत्राला दिलेली माहिती 9 जुलै 1947 च्या अंकात छापलेली आहे, आणि सगळ्या प्रकरणात वाचण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर ती हीच. रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा वर्ख, चिवट कागद, काड्या. सगळं मिळून वजन फार तर पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. आणि चिकटपट्टी, जिच्यावर फुलं छापलेली होती.

ही फुलं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

ब्रेझलनं शेरीफला सांगितलं, शेरीफनं रॉसवेलच्या लष्करी विमानतळाला कळवलं. हा तळ साधासुधा नव्हता. हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारी तुकडी तिथे होती. तळावरच्या अधिकाऱ्यांनी कचरा गोळा केला, आणि 8 जुलैला तळाच्या जनसंपर्क अधिकाऱ्यानं पत्रक काढलं की आमच्या ताब्यात उडती तबकडी आली आहे. लष्करानं स्वतःच हे जाहीर केलं. दुपारच्या वर्तमानपत्रात मथळा झळकला आणि त्याच दिवशी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थहून जनरल रॅमी यांनी सांगितलं, की तबकडी नाही, हवामानाचा फुगा आहे. फाटका वर्ख कचेरीतल्या गालिच्यावर पसरून फोटो काढू दिले. लोकांनी मान डोलावली आणि विषय संपला. पुढची तीस वर्षं रॉसवेलचं नावही कुणी काढत नव्हतं.

पण हवामानाचा फुगा हे खोटं होतं. म्हणजे फुगा होता, हवामानाचा नव्हता.

त्या वेळी अणुबॉम्ब एकट्या अमेरिकेकडे होता, आणि सोव्हिएत रशिया तो कधी बनवतो ही सगळ्यात मोठी धास्ती होती. रशियाच्या हद्दीत शिरून बघणं शक्य नव्हतं. मग मॉरिस यूइंग या शास्त्रज्ञानं सुचवलं की बघता येत नसेल तर ऐकू या. जमिनीपासून वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, आणि साधारण चौदा-पंधरा किलोमीटरच्या वर गेलं की पुन्हा हळूहळू उबदार होते. थंड हवेत आवाज सावकाश चालतो. आणि आवाजाची खोड अशी, की तो नेहमी सावकाश चालणाऱ्या थराकडे वळतो. म्हणजे मधल्या थंड थरात शिरलेला आवाज वर जायला लागला की खाली वळतो, खाली यायला लागला की वर वळतो. कौलांवरचं पाणी पन्हळीत पडलं की इकडेतिकडे न सांडता पार टोकापर्यंत जातं, तसा हा आवाज त्या थरातून हजारो किलोमीटर जाऊ शकतो. तिथे मायक्रोफोन टांगून ठेवला तर रशियातला स्फोट अमेरिकेत ऐकू येईल, अशी ती कल्पना. या योजनेचं नाव मोगल. हो, आपल्या मोगलांसारखंच.

मायक्रोफोन त्या उंचीवर टिकवायचा तर एक फुगा पुरत नाही. म्हणून वीस-बावीस रबरी फुग्यांची माळ करायची, एकाखाली एक, कुतुबमिनारच्या दुपटीहून उंच. ती कुठे चालली आहे हे रडारवर दिसावं म्हणून काड्या आणि वर्खाचा कागद वापरून केलेले पतंगासारखे परावर्तक तिला बांधायचे. युद्धाच्या काळात असले परावर्तक पटापट हवे होते, त्यामुळे ते बनवण्याचं काम न्यूयॉर्कमधल्या खेळण्यांच्या एका कारखान्याला मिळालं होतं. काड्या ढिल्या पडू नयेत म्हणून कारखान्यानं हाताशी होती ती चिकटपट्टी लावली. मुलांच्या खेळण्यांची, गुलाबी-जांभळ्या फुलांची.

तीच ब्रेझलला सापडली. आणि तीस वर्षांनी, माणसांच्या आठवणी पुसट झाल्यावर, त्याच फुलांची 'परग्रहावरची चित्रलिपी' झाली. आजही रॉसवेलवरच्या व्हिडिओत काड्यांवरच्या जांभळ्या अक्षरांचं रेखाटन दाखवतात. मामांच्या व्हिडिओतही होतं. मी त्यांना तिथेच थांबवून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कारखान्यातल्या बायकांना कधी कळलं असेल का गं?"

ही माळ 1947 च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतल्याच अलामोगोर्डोहून सोडलेली होती. सोडणाऱ्यांनाही आपण नेमकं कशासाठी काम करतो आहोत हे पुरतं सांगितलेलं नव्हतं. रॉसवेलच्या तळावरच्या अधिकाऱ्यांना तर काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर त्यांनी 'तबकडी' असं पत्रक काढलं! एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्याला माहीत नव्हतं. सरकारी कचेरीत एकदा तरी कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

1978 साली स्टँटन फ्रीडमन या संशोधकानं कचरा गोळा करणाऱ्या मेजर मार्सेल यांची मुलाखत घेतली, आणि मग प्रकरण पेटलं. पुस्तकं आली, साक्षीदार वाढत गेले, एका तबकडीच्या दोन झाल्या, प्रेतं निघाली. शेवटी एका संसदसदस्यानं पाठपुरावा केला तेव्हा 1994 मध्ये हवाईदलानं मोगल योजनेचा सगळा अहवाल प्रसिद्ध केला. 1997 मध्ये दुसरा अहवाल आला: लोकांना आठवणारी 'प्रेतं' म्हणजे पॅराशूटच्या चाचण्यांसाठी आकाशातून टाकलेले माणसाएवढे बाहुले. पण या चाचण्या 1950 च्या दशकातल्या आणि तबकडी 1947 ची. हवाईदलाचं म्हणणं, लोकांच्या आठवणीत दोन गोष्टी एकत्र झाल्या. आठवणी तशा होतात खऱ्या, पण सत्तेचाळीस वर्षं खोटं बोललेल्या माणसानं "तुमच्या आठवणीत गल्लत झाली" म्हटलं, तर कोण ऐकून घेईल? मला इथे लोकांची बाजू पटते. फुगा खरा आहे, कागदपत्रं पक्की आहेत, फुलांची चिकटपट्टी 1947 च्याच बातमीत आहे. पण विश्वास हरवला तो सरकारनं हरवला.

तेच 'हवामान' 1960 मध्ये पुन्हा उपयोगी आलं, आणि या वेळी फजिती झाली. 1 मे 1960 ला अमेरिकेचं यू-2 हे हेरगिरीचं विमान सोव्हिएत रशियानं पाडलं. ते पेशावरहून उडालं होतं. वैमानिक मेला असणार असं धरून अमेरिकेनं जाहीर केलं की नासाचं हवामानाचं विमान होतं, तुर्कस्तानवर उडताना वैमानिकाच्या प्राणवायूत बिघाड झाला आणि विमान भरकटलं. खरं वाटावं म्हणून एका यू-2 ला नासाचे रंग फासून पत्रकारांपुढे उभंही केलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह गप्प बसून हे सगळं होऊ देत होते. मग 7 मे ला त्यांनी सांगितलं, वैमानिक जिवंत आहे आणि आमच्या ताब्यात आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण इतक्या थोड्या दिवसांत खरी झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. चारच दिवसांनी अध्यक्ष आयसेनहॉवर यांना जाहीरपणे कबुली द्यावी लागली.

या यू-2 चं माहेर म्हणजे एरिया 51. नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक नावाचं कोरडं तळं आहे, त्याच्या काठी 1955 साली हे विमान पहिल्यांदा उडवलं. त्या काळी प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-2 जायचं साठ हजार फुटांच्या वरून. आता संध्याकाळचा विचार करा. सूर्य मावळला, खालच्या वैमानिकाभोवती अंधार झाला, पण साठ हजार फुटांवर अजून ऊन आहे. डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिवे लागतात तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर ऊन असतं, तसंच. त्या उन्हात चांदीरंगाचे लांबलचक पंख लखलखायचे, आणि खालच्या वैमानिकाला अंधाऱ्या आकाशात, कुठलंही विमान पोचूच शकत नाही अशा उंचीवर, धगधगती वस्तू दिसायची. तो इमानदारीनं कळवायचा. हवाईदलाच्या ज्या विभागात ही पत्रं यायची तिथले अधिकारी हेरखात्याकडे विचारून खात्री करून घ्यायचे, की हो, आपलंच विमान. आणि पत्र लिहिणाऱ्याला काहीतरी वेगळंच उत्तर पाठवायचे, कारण खरं सांगायची परवानगी नव्हती. त्या माणसानं खरंच काहीतरी बघितलं होतं! त्याला वेड्यात काढलं गेलं, हे मला आजही चीड आणतं. 1947 ते 1969 या काळात हवाईदलाकडे अशा 12,618 नोंदी आल्या, त्यातल्या 701 चा उलगडा झाला नाही. सगळ्या यू-2 च्या नव्हत्या. शुक्राची चांदणी, फुगे, उल्का, असंही बरंच होतं.

एरिया 51 नावाची जागा आहे हे हेरखात्यानं आपल्या कागदांत उघडपणे मान्य करायला 2013 साल उजाडलं. 2019 मध्ये कुणीतरी फेसबुकवर गंमत म्हणून टाकलं, की 20 सप्टेंबरला सगळे मिळून एरिया 51 वर धावून जाऊ, ते आपल्या सगळ्यांना थांबवू शकणार नाहीत. वीस लाखांहून जास्त लोकांनी 'येतो' म्हणून कळवलं. प्रत्यक्षात काही हजार आले, गाणी म्हटली, फाटकापाशी फोटो काढले आणि घरी गेले.

त्या फाटकाच्या आत खरोखर काय लपवलं गेलं, हे त्या वीस लाखांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. तळावर निरुपयोगी रसायनं, लेप, रंग उघड्या खड्ड्यांत टाकून पेटवून देत. धुरात उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या कातडीला भेगा पडल्या, श्वासाचे आजार जडले. 1994 मध्ये दोन कामगारांच्या विधवा आणि आणखी काही कामगार कोर्टात गेले. कामगारांना आपली नावंही लावता आली नाहीत, कारण जिथे काम केलं ती जागा अस्तित्वातच नव्हती. त्यांना पैसे नको होते, आपण कशाच्या धुरात उभे होतो एवढं हवं होतं, म्हणजे डॉक्टरांना औषध ठरवता आलं असतं. 1995 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रूम लेकजवळच्या त्या तळाला घातक कचऱ्याबद्दलची माहिती उघड करण्यातून सूट दिली. 1998 मध्ये कामगार वरच्या कोर्टातही हरले.

आगीशिवाय धूर निघत नाही, मामा म्हणाले होते. इथे अक्षरशः आग होती, आणि धूर कामगारांच्या छातीत गेला.

खरी झाकपाक बहुतेक वेळा अशी असते. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा माणसांच्या जिवावर. अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यात, टस्कीगीला, 1932 पासून सरकारी आरोग्यखात्यानं 399 गरीब कृष्णवर्णीय माणसांचा उपदंश नुसता बघत ठेवला. 'रक्त बिघडलंय' एवढंच त्यांना सांगितलं. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हे अक्सीर औषध मिळालं तरी दिलं नाही. हे चाळीस वर्षं चाललं आणि 1972 मध्ये पीटर बक्स्टन या खात्यातल्याच माणसानं पत्रकारांपर्यंत पोचवल्यावर थांबलं. वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख येत होते. म्हणजे ते कुलूपबंद तिजोरीत नव्हतंच. उघड्यावर होतं आणि ज्यांनी बोलायला हवं ते बोलले नाहीत.

"मग चंद्रावर गेले नाहीत, हे पण असंच असेल," मामा म्हणाले.

नाही, आणि का नाही ते आपल्याच भाषेत एका शब्दात आहे: षट्कर्णी. चार कानांवर असलेली गोष्ट टिकते, सहा कानांवर गेली की फुटते. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञानं 2016 मध्ये याचा हिशोब मांडला. टस्कीगीसारखी, खरोखर उघडकीला आलेली प्रकरणं घेतली, त्यात किती माणसं गुंतली होती आणि बिंग फुटायला किती वर्षं लागली ते बघितलं, आणि माणशी दरवर्षी फुटण्याची शक्यता काढली. गुपित राखणाऱ्यांना जास्तीत जास्त सवलत देऊनही ती आली दहा लाखांत चार. अगदी नगण्य वाटते. पण चांद्रमोहिमेच्या भरात, 1965 मध्ये, नासाच्या कामात चार लाख अकरा हजार माणसं होती. एवढ्यांनी मिळून खोटं बोलायचं म्हटलं तर पावणेचार वर्षांच्या आत कुणीतरी बोलणारच. लग्नाचं ठरतंय ही गोष्ट आपल्या घरात साखरपुड्यापर्यंत राहत नाही, हे मामांना मी सांगायची गरज नव्हती.

खरं कारस्थान म्हणजे कसं, तर शनिवारवाडा. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी, राघोबादादा, मोजकी माणसं, आणि परंपरेनं सांगितलं जातं तसं एका चिठ्ठीतलं एक अक्षर. तरीही रामशास्त्र्यांनी तपास करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलंच. आणि मग नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी राघोबांना दूर करण्यासाठी जे केलं त्याला तर बारभाईंचं कारस्थान असंच नाव पडलं. बारा जण झाले की लपायचं सोडाच, कारस्थानाला नावही मिळतं.

चंद्राचा एक पुरावा तर मुंबईत, कुलाब्याला तपासला गेला आहे. अपोलोनं आणलेले चंद्रावरचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना दिले, त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांमध्ये वैश्विक किरणांचे माग शोधले. अवकाशातून येणारा जड कण स्फटिकात घुसला की सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक ओरखडा उठतो. रसायनात बुडवून तो खुलवला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पृथ्वीवरच्या दगडांवर असे माग पडत नाहीत, कारण वर हवेची जाड गोधडी आहे. चंद्रावरचे कण लाखो वर्षं उघडे पडलेले, त्यांच्यात हे माग दाटीनं भरलेले. कुठल्याही स्टुडिओत असा दगड बनत नाही. आणि 2021 मध्ये आपल्याच चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्यानं अपोलो 11 जिथे उतरलं तिथलं, मागे राहिलेलं यान टिपलं.

मग मामांनी नोटेतली चिप आणि हेर कबुतर काढलं. चिपचं लवकर आटपते. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांची नोट आली तेव्हा तिच्यात जीपीएस चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे टीव्हीवरसुद्धा रंगवून सांगितलं गेलं. जीपीएसचा उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतो आणि तो फक्त बोलतो, ऐकत नाही. आपला मोबाईल ते ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतः काढतो. ते दुसऱ्याला कळवायचं तर बॅटरी लागते, सिमकार्ड लागतं. गाडीत बसवतात त्या यंत्रात ते असतं. कागदाच्या घडीत मावत नाही. मामांना हे लगेच पटलं.

कबुतराचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरच्या बाजूला, पीर पाव जेट्टीवर एक कबुतर पकडलं. पायांत दोन कड्या, पंखांवर चिनीसारखी दिसणारी अक्षरं. चीनचा हेर असेल म्हणून पोलिसांनी नोंद केली आणि कबुतराला परळच्या बाई साकरबाई पेटिट जनावरांच्या दवाखान्यात ठेवलं. तपासात निघालं की ते तैवानच्या शर्यतीतलं कबुतर, वाट चुकून आलेलं. पण मोकळं सोडायचा आदेश काही येईना. त्याची तब्येत ठणठणीत होती आणि दवाखान्यातला पिंजरा अडलेला. शेवटी दवाखान्यानं पाठपुरावा केला, प्राणीप्रेमी संस्थेनं जोर लावला, आणि 30 जानेवारी 2024 ला, आठ महिन्यांनी, ते उडालं. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. एक कागद पुढे सरकत नव्हता, एवढंच. आणि माझा असा ठाम अनुभव आहे की आपल्याला जे कारस्थान वाटतं त्यातलं निम्मं अडकलेला कागदच असतो.

पण मामांना मी शेवटी जे सांगितलं ते ऐकून ते पुढे सरकून बसले. कारण ते आपल्याकडे घडलंय, आणि ते खरं आहे.

1964 मध्ये चीननं लोप नूरला पहिला अणुस्फोट केला. पुन्हा तीच अमेरिका, पुन्हा तीच धास्ती, पुन्हा ऐकायचीच धडपड. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे रेडिओ संदेश पकडायचे होते. हे संदेश सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून डोंगरावरच चढायचं ठरलं. भारत आणि अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांनी मिळून नंदादेवीच्या 7,816 मीटर उंचीच्या माथ्यावर यंत्र बसवायचं ठरवलं. 1965 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर नऊ जण चढवणाऱ्या भारतीय मोहिमेचे नेते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्याकडे भारतीय बाजूचं नेतृत्व होतं. एवढ्या उंचीवर वीज कुठून आणणार? म्हणून प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी वीजपेटी. बर्फात ती गरम राहायची, आणि पाठीवर ऊब लागते म्हणून ती उचलायला शेर्पा खुशीनं पुढे होत, अशी आठवण त्या मोहिमेतले लोक सांगत. त्यांना आत काय आहे हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. हे लिहिताना मला अलाबामातले ते 399 जण आठवतात.

ऑक्टोबर 1965 मध्ये माथ्याच्या खाली वादळानं गाठलं. माणसं वाचवायची म्हणून यंत्र चौथ्या तळापाशी कपारीत बांधून सगळे उतरले. 1966 मध्ये परत गेले तेव्हा कपार कोसळलेली, यंत्र नाहीसं झालेलं. पुढे शोधमोहिमा झाल्या. सापडलं नाही.

हे बारा वर्षं दडलं. 1978 मध्ये एका अमेरिकन मासिकानं छापलं, आणि 17 एप्रिल 1978 ला पंतप्रधान मोरारजी देसाई लोकसभेत उभे राहिले आणि म्हणाले की हो, हे खरं आहे. शास्त्रज्ञांची समिती नेमली. तिनं धोका फारसा नाही असं सांगितलं. 'हवामानाचं यंत्र होतं' असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत, याचं मोल मला मोठं वाटतं.

7 फेब्रुवारी 2021 ला त्याच नंदादेवीच्या कुशीतल्या ऋषिगंगेला अचानक लोंढा आला. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. चिपको आंदोलन जिथे गाजलं त्या रैणी गावातल्या लोकांच्या तोंडी लगेच आलं: ते यंत्रच फुटलं असणार. ते फुटलं नव्हतं. रोंटी शिखराचा प्रचंड कडा बर्फासकट तुटून खाली आला होता, उपग्रहाच्या चित्रांत तो तुटल्याची खूण स्पष्ट दिसते. प्लुटोनियमची अशी वीजपेटी बॉम्बसारखी फुटतही नाही, ती नुसती तापते. पण रैणीच्या माणसाला मी अंधश्रद्धाळू म्हणणार नाही. त्याच्या डोंगरात त्याला न विचारता काहीतरी ठेवलं, हरवलं, आणि बारा वर्षं सांगितलं नाही.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता थंड झालं असेल का गं ते?"

त्यातलं प्लुटोनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 88 वर्षं लागतात, मी सांगितलं. मामांनी तिकिटांचा हिशोब करायचे तसा बोटांवर हिशोब केला. पासष्टात अठ्ठ्याऐंशी मिळवले. 2053.

"म्हणजे अजून निम्म्याहून जास्त ऊब आहे त्यात," ते म्हणाले.